पंप आणि श्वास: दम्याच्या औषधाबरोबर श्वसनाचे व्यायाम कसे सुरू करावेत

डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला की घरातून पहिला सल्ला येतो, "पंपाची सवय लागते, त्यापेक्षा प्राणायाम कर." सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण त्यामुळे नव्या रुग्णाला वाटायला लागतं की पंप किंवा श्वसनाचे व्यायाम यांतून एकाची निवड करायची आहे. तशी निवड करायची नसते. दोन्हींची कामं वेगळी आहेत. ती नीट कळली तर दोन्हींचा उपयोग होतो, आणि एकाच्या जागी दुसरं वापरलं तर जिवावर बेतू शकतं.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्या सुजेमुळे नलिका चिडक्या होतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी यांपैकी काही लागलं की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, आणि छातीतून घरघर किंवा सूं-सूं ऐकू येते. ही सूज औषधाने उतरते, व्यायामाने उतरत नाही. ब्रिटनमध्ये दम्याच्या ६५५ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचं औषध चालू ठेवून ज्यांना श्वसनाचे व्यायाम शिकवले, त्यांचं रोजचं जगणं सुधारलं. मात्र फुफ्फुसांची ताकद आणि श्वासनलिकांची सूज मोजली, तेव्हा त्यांत फरक नव्हता.

मग व्यायामाने सुधारतं काय? श्वास घेण्याची बिघडलेली सवय. बरीच वर्षं दमा असलेला माणूस बरं वाटत असतानाही भराभर, तोंडाने, खांदे उचलून, छातीच्या वरच्या भागाने श्वास घेत राहतो. तोंडावाटे गेलेली हवा गाळली जात नाही, कोमट होत नाही, दमट होत नाही. अशी कोरडी हवा नलिकांना आणखी चिडवते. शिवाय वरवरच्या भराभर श्वासाने मान आणि खांदे थकतात आणि नलिका मोकळ्या असल्या तरी दम लागल्यासारखं वाटतं. व्यायाम करायचे ते हे सुधारण्यासाठी.

आपल्याकडचा पंप कोणता

व्यायामाकडे वळण्याआधी कपाटातले पंप बाहेर काढा आणि त्यांच्यावरची औषधांची नावं वाचा. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात.

साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल लिहिलं असेल तर तो तात्पुरता आराम देणारा पंप. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो आणि असर चारेक ते सहा तास टिकतो. सुजेला तो हात लावत नाही. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन लिहिलं असेल तर तो रोजचा पंप. त्यात स्टेरॉइड असतं आणि सूज तेच उतरवतं. बऱ्याच पंपांत या स्टेरॉइडच्या जोडीला फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असतं, ते नलिका बराच वेळ मोकळ्या ठेवतं. रोजच्या पंपाचा परिणाम घेतल्याघेतल्या जाणवत नाही. त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि नेमकं त्याच काळात "याने काही होत नाही" म्हणून तो बंद केला जातो.

'स्टेरॉइड' या शब्दाची भीती खरी आहे, म्हणून आकडेच पाहा. बुडेसोनाइडच्या एका पफमध्ये, म्हणजे पंप एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात, साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. दमा बिघडल्यावर पोटात घ्यावी लागणारी प्रेडनिसोलोनची २० मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम, आणि ती रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. पंपातलं औषध थेट श्वासनलिकांत जातं, म्हणून इतक्या कमी मात्रेत भागतं. पंप टाळणाऱ्या माणसावर पुढे गोळ्यांची वेळ जास्त येते.

केवळ आराम देणाऱ्या पंपावर दमा रेटत नेणं धोक्याचं आहे. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या जागतिक गटाने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना निव्वळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. २०० पफचे तीन किंवा अधिक पंप वर्षात संपत असतील तर दमा उसळण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचा धोकाही वाढतो. तुमच्याकडे नुसता आराम देणारा पंप असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

पहिला व्यायाम: पंप नीट घेणं

पंप घेताना श्वास पूर्ण सोडावा लागतो, मग सावकाश आत घ्यावा लागतो आणि थोडा वेळ रोखावा लागतो. श्वसनाच्या कुठल्याही वर्गात हेच तीन धडे असतात. म्हणून सुरुवात इथूनच करा, तीही शक्यतो स्पेसर लावून. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. नुसत्या पंपाचं औषध बरंचसं घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहतं. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा जोर कमी होतो, मोठे थेंब नळीतच बसतात आणि बारीक थेंब आत जातात. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी साधायची कसरतही उरत नाही.

१. ताठ बसा किंवा उभे राहा. पंपाचं झाकण काढा, आत काही अडकलेलं नाही ना ते पाहा आणि पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर माहितीपत्रकात सांगितलेले पफ आधी हवेत सोडा.

२. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा.

३. तोंड बाजूला करून श्वास सावकाश पूर्ण सोडा. पोट आत जाऊ द्या.

४. स्पेसरचं तोंड दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा. जीभ खाली.

५. डबी एकदाच दाबा आणि लगेच तोंडाने सावकाश श्वास घ्यायला लागा. चार-पाच सेकंदांत छाती भरली पाहिजे. काही स्पेसरमधून शिट्टीसारखा आवाज येतो, तो आला तर श्वास फार जोरात घेतला गेला असं समजा.

६. श्वास दहा सेकंद रोखा. दहा जमत नसतील तर पाच. बारीक थेंबांना नलिकांच्या भिंतीवर बसायला हा वेळ लागतो.

७. श्वास सोडा. दुसरा पफ लिहून दिला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळं पुन्हा करा. स्पेसरमध्ये दोन पफ एकदम मारू नका. थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि औषध वाया जातं.

८. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंतर पाण्याने खळखळून चूळ भरा, घशापर्यंत गुळणी करा आणि पाणी थुंकून टाका. हे चुकलं तर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो किंवा आवाज बसतो. दात घासायच्या आधी पंप घेण्याची सवय लावली की चूळ आपोआप होते.

स्पेसर आठवड्यातून एकदा भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध नळीच्या भिंतीला चिकटतं.

पंप संपला की नाही हे फवाऱ्याच्या आवाजावरून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारत राहतो. डबी पाण्यात तरंगते का बुडते ही परीक्षाही भरवशाची नाही. पंपावर मोजणी नसेल तर हिशोब मांडा: १२० पफचा पंप, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख डबीच्या प्लास्टिकवर पेनने लिहा.

रोटाकॅपसारखं कॅप्सूलचं औषध असेल तर श्वासाची तऱ्हा उलटी. त्यात कोरडी पूड असते आणि ती उडवायला फवारा नसतो, तुमचा श्वासच ती ओढून नेतो. म्हणून इथे श्वास पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल हवा. पंपावर सावकाश, पुडीवर जोरात, हे मनात पक्कं करा. एकाच घरात दोन्ही असतील तर इथे सर्रास गोंधळ होतो. उपकरणात श्वास सोडू नका, वाफेने पूड ओली होऊन गोळा होते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली न्हाणीघरात किंवा ओट्याजवळ ठेवू नका. आणि कॅप्सूल गिळायची नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण नव्या रुग्णांकडून हे होतं.

व्यायामाला केव्हा बसायचं

मागचे चार आठवडे आठवा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस दिवसा त्रास झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे जिना, चालणं, कामं टाळली का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर दमा ताब्यात आहे, निर्धास्त सुरू करा. एक-दोन 'हो' असतील तर खालचे पहिले दोन व्यायाम चालतील, पण औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. तीन-चार 'हो' असतील तर आधी औषध बसवून घ्यायचं, व्यायाम नंतर.

जमलं तर पीक फ्लो मीटर घ्या. औषधांच्या दुकानात मिळतो, तुम्ही हवा किती वेगाने बाहेर फुंकू शकता ते मोजणारं साधं प्लास्टिकचं उपकरण असतं. काटा शून्यावर आणा, उभं राहून पूर्ण श्वास घ्या, ओठ मिटा आणि एका झटक्यात जोरात फुंका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, असं तब्येत बरी असताना दोन आठवडे केलं की तुमचा सर्वोत्तम आकडा कळतो. समजा तो ४०० आला. ३२० च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, ठीक. २०० ते ३२० मध्ये सावध व्हायचं आणि डॉक्टरांनी सांगितलेला बदल करायचा. २०० च्या खाली तातडी.

जागा निवडताना हवेचा विचार करा. नुकताच केर काढलेली खोली नको, उदबत्ती किंवा डासांची कॉइल जळत असलेली नको, मिरचीची फोडणी बसत असताना स्वयंपाकघराशेजारी नको. थंडीत पहाटे गच्चीवर बसण्याचा आग्रह सोडा, गार हवा आणि धुरकं दोन्ही त्या वेळी खाली साचलेलं असतं. दिवाळीतल्या फटाक्यांच्या दिवसांत घरात, खिडक्या लावून बसा. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आणि क्रम असा: आधी पीक फ्लो, मग पंप, चूळ, आणि त्यानंतर व्यायाम.

पोटाने श्वास

बाकी काही नाही जमलं तरी हा व्यायाम शिकाच. श्वास घेण्याचं मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाचं. ते खाली सरकतं तेव्हा पोट पुढे येतं. दम्याच्या रुग्णात ते काम मान आणि खांदे करायला लागलेले असतात, ते परत श्वासपटलाकडे द्यायचं.

पहिल्या आठवड्यात आडवे होऊन करा, डोक्याखाली आणि गुडघ्यांखाली उशी. पूर्ण सपाट झोपल्यावर दम लागत असेल तर पाठीमागे दोन-तीन उशा लावून रेलून बसा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. तोंड मिटलेलं. नाकाने हलका श्वास घ्या आणि पोटावरचा हात किंचित वर येऊ द्या. छातीवरचा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मग श्वास आपसूक सुटू द्या, ढकलू नका. सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागू द्या. श्वास सुटल्यावर क्षणभर काही करू नका, पुढचा श्वास स्वतःहून येतो. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

चुका ठरलेल्या आहेत. श्वास न घेताच पोटाचे स्नायू ढकलून पोट वर करणं ही पहिली. हात वर-खाली होतो, हवा मात्र जात नाही. तसं वाटलं तर पोटावरचा हात काढून दोन्ही हात शेवटच्या बरगड्यांवर ठेवा, त्या बाजूला फाकतात का ते पाहा. दुसरी आणि जास्त त्रासदायक चूक म्हणजे 'खोल श्वास' या शब्दाने फसून मोठमोठे श्वास घेणं. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. तसं झालं की थांबा आणि पुढच्या वेळी श्वास निम्म्याने लहान करा. इथे श्वास खालून घ्यायचा आहे, मोठा नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात हेच खुर्चीत बसून, तिसऱ्यात उभं राहून, चौथ्यात सपाट रस्त्यावर सावकाश चालताना. घाई करू नका. झोपून जमलेला श्वास उभं राहिल्यावर पुन्हा खांद्यांत जातो, तेव्हा एक पायरी मागे या. एका मिनिटातले श्वास अधूनमधून मोजा. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर १२ ते २० असतात. सरावाच्या पाच मिनिटांत ते आठ-दहापर्यंत उतरले तर छान, पण आकडा गाठण्यासाठी श्वास कोंडू नका.

ओठ आवळून श्वास सोडणं

जिना, चढ, बस पकडणं अशा वेळी हा उपयोगी पडतो. नाकाने मनात दोन मोजेपर्यंत श्वास घ्या. गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ करा आणि चार मोजेपर्यंत हलकेच सोडा. गाल फुगवू नका, जोर लावू नका. बाहेर जाणाऱ्या हवेला ओठांशी थोडा अडथळा झाला की आत दाब राहतो, लहान नलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जिन्यावर एका पायरीवर श्वास घ्या आणि पुढच्या दोन पायऱ्या चढताना सोडा. पायरी चढताना श्वास रोखून धरायची सवय अनेकांना असते, त्यांना या एका बदलाने फरक कळतो.

दम लागून थांबावं लागलं तर खुर्चीत बसून पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेकवा, खांदे सोडून द्या आणि असाच श्वास सोडा. खुर्ची नसेल तर भिंतीला पाठ टेकून, गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर. हातांना आधार मिळाला की छातीच्या स्नायूंचं ओझं कमी होतं.

नाक

नाक चोंदलेलं असेल तर वरचं सगळं फुकट जातं, कारण माणूस तोंडानेच श्वास घेणार. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाची ॲलर्जी असते, तिच्यावर डॉक्टरांकडून वेगळा फवारा मिळतो. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं कच्चं पाणी नाकात घालणं धोक्याचं आहे. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं.

कफ आणि ढास

छातीत कफ घुसमटत असेल तर जोरजोरात खोकू नका, त्याने नलिका आणखी आवळतात. आराम देणारा पंप लिहून दिलेला असेल तर तो घेऊन दहा-पंधरा मिनिटांनी बसा. अर्धा मिनिट पोटाने शांत श्वास, मग तीन-चार थोडे मोठे श्वास, पुन्हा शांत श्वास, आणि मग तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' असा एक लांब उच्छ्वास, आरशावर वाफ धरावी तसा. कफ वर सरकला की एका खोकल्यात निघतो. कोरडी ढास लागली असेल तर तोंड मिटा, आवंढा गिळा, दोन-तीन सेकंद थांबा आणि नाकाने अगदी लहान श्वास घ्या.

दमा आहे की श्वासाची सवय

व्यायाम सुरू केल्यावर हा प्रश्न येतोच, कारण दोन्हींत धाप लागते. दम्याच्या त्रासात सहसा घरघर किंवा खोकला असतो, श्वास सोडायला अवघड जातं, रात्री किंवा पहाटे वाढतं, पीक फ्लोचा आकडा घसरतो आणि साल्ब्युटामॉल घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उतार पडतो. सवयीच्या धापेत श्वास आत 'पुरेसा जात नाही' असं वाटतं, सारखे उसासे आणि जांभया येतात, हातांना मुंग्या येतात, बोलताना किंवा ताणाखाली वाढतं, पीक फ्लो नेहमीएवढाच राहतो आणि पंपाने काही बदलत नाही. तेव्हा पोटाने श्वास खरा उपयोगी पडतो आणि पंपाचे अनावश्यक पफ वाचतात. ब्युटेको नावाची रशियन डॉक्टरांची पद्धत किंवा इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयातली पद्धत, दोन्हींचा भर कमी हवेत, नाकाने, शांत श्वास घेण्यावरच आहे. त्यांतून आराम देणाऱ्या पंपाची गरज घटू शकते, रोजच्या पंपाची नाही.

मनात शंका असेल तर मात्र आधी पंप, मग विचार. उलट क्रम कधीच नको.

प्राणायामाबद्दल

लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. तीच वृत्ती घरी ठेवा: मोजा. नवा प्राणायाम करण्याआधी पीक फ्लो लिहा, संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. आकडा १५ टक्क्यांहून जास्त पडला, म्हणजे ४०० चा ३४० च्या खाली गेला, तर तो प्रकार तुमच्यासाठी नाही.

भ्रामरी बहुतेकांना मानवते, कारण गुंजन करताना श्वास आपोआप लांबतो. अनुलोम-विलोमही चालतो, पण कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, आणि नाकपुडी बंद असेल त्या दिवशी न ओढता. कपालभाती आणि भस्त्रिका यांत भराभर आणि जोराने हवा आत-बाहेर होते, नलिका कोरड्या आणि गार पडतात, आणि नेमकं त्यानेच अनेकांचा दमा उसळतो. दमा ताब्यात नसताना ते करू नका. ताब्यात असेल आणि करायचेच असतील तर जाणत्या शिक्षकासमोर, अगदी सावकाश गतीने, खिशात पंप ठेवून. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर किंवा फुगे फुगवणं दम्यासाठी गरजेचं नाही. त्यांनी ढास लागत असेल तर सोडून द्या.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घेण्याची प्रथा अनेक गावांत आहे. श्रद्धेने जाणार असाल तर गरम कपडे घाला, दोन्ही पंप बरोबर न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा पफ चुकवू नका.

दमा उसळला तर

इथे व्यायाम थांबतो. ओठ आवळून सोडलेला श्वास मन थोडं शांत ठेवतो, उपचार करत नाही.

बसा, आडवे होऊ नका. कपडे सैल करा. ऑस्ट्रेलियात शिकवली जाणारी चार-चारची पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: साल्ब्युटामॉलचा एक पफ स्पेसरमध्ये, त्यातून चार श्वास, असे एकामागून एक चार पफ. चार मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा चार पफ. तरीही उतार नसेल तर १०८ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार पफ चालू ठेवा. डॉक्टरांनी वेगळी योजना लिहून दिली असेल, किंवा फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा एकच पंप दोन्ही कामांना दिला असेल, तर ती योजना पाळा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, झापड येत असेल, किंवा मघाशी ऐकू येणारी घरघर अचानक थांबूनही धाप तशीच असेल, तर मिनिटं मोजत बसू नका, लगेच १०८. घरघर थांबणं म्हणजे हवा जायचीच बंद झाली असा अर्थ असू शकतो.

मुलं आणि गरोदर स्त्रिया

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना स्पेसरला मास्क लागतो, तो नाक-तोंडावर फट न ठेवता धरायचा. रडणाऱ्या मुलाला दिलेलं औषध फारसं आत जात नाही. पोटाने श्वास शिकवायला झोपलेल्या मुलाच्या पोटावर हलकं खेळणं ठेवा आणि ते वर-खाली करायला सांगा. गरोदरपणात स्वतःच्या मनाने पंप बंद करू नये. आईचा दमा बिघडला तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो.

पहिले दीड महिने

एक वही करा. तारीख, सकाळ-संध्याकाळचा पीक फ्लो, रोजचा पंप घेतला का, आराम देणारे पफ किती लागले, व्यायाम किती मिनिटं, एवढे पाच रकाने पुरेत. व्यायामाचा परिणाम साधारण चार ते सहा आठवड्यांत दिसायला लागतो, तो आधी रात्रीच्या झोपेत आणि जिन्यावर कळतो. पीक फ्लो वाढला नाही म्हणून निराश होऊ नका. तो वाढवणं रोजच्या पंपाचं काम.

बरं वाटायला लागलं की रोजचा पंप कमी करण्याचा मोह होतो. दमा साधारण तीन महिने सलग ताब्यात राहिल्यावर डॉक्टर मात्रा एकेक पायरी खाली आणतात, तीही सर्दी-तापाच्या, फटाक्यांच्या किंवा ऋतू बदलण्याच्या दिवसांत नाही. त्या भेटीला वही, दोन्ही पंप आणि स्पेसर घेऊन जा, आणि त्यांच्यासमोर एक पफ घेऊन दाखवा. महिनोन्महिने पंप घेणाऱ्यांच्या पद्धतीतही हळूहळू चुका शिरतात, म्हणून दर भेटीत हे दाखवण्याचा आग्रह तुम्हीच धरा.